सात वेळा ‘अचानक’

२ डिसेंबर

प्रिय मामा,

यादी पाठवते आहे. दरवर्षीसारखे पाच क्षण, आणि दरवर्षीसारखीच दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिलेली. नियम मला पाठ आहेत, तरी पुन्हा लिहिते, कारण मोजायला लागण्याआधी पट्टीचं शून्य तपासावं हे तूच शिकवलंस. क्षण स्वतः पाहिलेला हवा, सांगोवांगीचा चालत नाही. टीव्हीवरचा चालतो, पण घडत असताना पाहिलेला. आणि यादी आपल्या दोघांतच राहते, आईला किंवा मामीलासुद्धा दाखवायची नाही.

पाचवा: आमच्या छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत टेबल टेनिस चालतं. बाइंडिंगच्या ताई आणि मशीनवाला यांचा शेवटचा डाव. पंच मी. मशीनवाल्याचा चेंडू बाहेर गेला असं मला दिसलं, मी तसं म्हणणार, तेवढ्यात ताईच म्हणाल्या, “कड लागली. पॉइंट त्याचा.” त्या एका पॉइंटवर त्या हरल्या. कड लागलेली मी पाहिली नाही मामा, त्यांना म्हणताना पाहिलं. चालेल ना?

चौथा: बायकांच्या फुटबॉलचा अंतिम सामना, टीव्हीवर. पेनल्टीच्या आधी गोलरक्षक पाणी प्यायली आणि बाटली खांबाशी अगदी सरळ रेषेत ठेवून आली. पेनल्टी तिने अडवली, पण तेव्हा मी डोळे मिटले होते, म्हणून फक्त बाटलीच लिहिते.

तिसरा: रिले शर्यत. तिसऱ्या मुलीच्या हातून काठी पडली. चौथीला ते कळलंच नाही. ती हात मागे पसरून तशीच उभी.

दुसरा: आमच्या गल्लीतल्या पेपरवाल्याने रस्त्यावरून फेकलेलं वर्तमानपत्र तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बरोब्बर माझ्या टेबलावर. हा खेळ नाही म्हणालास तर काढून टाकीन.

पहिला: फेब्रुवारीत तुझ्या मैदानावर आले होते तेव्हाचा. त्या उंच मुलीचा भाला असा लांब गेला, की तू मागे धावत गेलास आणि जिथे टोक लागलं तिथे खुंटी रोवलीस. तुझा हात वर झाला. दोघांचं मिळून एकच काम चाललंय असं वाटलं.

आता तुझी यादी पाठव. लवकर.

तुझी
फूटपट्टी


९ डिसेंबर

प्रिय फूटपट्टी,

तुझी यादी म्हणजे तू तपासतेस त्या औषधाच्या खोक्यातल्या कागदासारखी आहे. औषध थोडं, सूचना फार. वर्तमानपत्र मंजूर. ताई तर मंजूरच मंजूर.

आता माझी ऐक. यंदा निवडायला फार त्रास झाला, इतकं मजेचं वर्ष गेलं.

पाचवा: टीव्हीवर सायकलची शर्यत. शेवटचं वळण, गडी एकटाच पुढे, आणि अचानक त्याच्या खांद्याला खांदा लावून दुसरा! कुठून उगवला कोण जाणे. मामी म्हणते तो मघापासून तिथेच होता. तिला काय कळतंय सायकलीतलं.

चौथा: भाजी घेऊन येत होतो. अचानक पायाशी चेंडू. गल्लीतली पोरं ओरडली, “आजोबा, द्या!” दिला. असा दिला की समोरच्यांच्या फाटकातून थेट आत. गोल धरला नाही त्यांनी.

तिसरा: टेनिस. लांबून लांबून मारामारी चाललेली, आणि अचानक ती पोरगी जाळ्यापाशी. मी खुर्चीत उडालो, चहा सांडला. त्यावरून घरात वेगळा सामना झाला.

दुसरा: तुझी उंच मुलगी. यंदा तिचे भाले आखूड पडतायत, तीन-चार मीटर तरी. जूनच्या स्पर्धेत तिसरी आली. मी झापलं, “हात थकला की मन थकलं?” अचानक तिचे डोळे भरले. म्हणाली, “पुढच्या वेळी, काका.” त्या वयात हरल्यावर सबब न सांगणं मी फार थोड्या जणांत पाहिलंय.

पहिला: एप्रिल. सरावाचा दिवस. मी मैदानात खुंटी घेऊन उभा. कोणीतरी काहीतरी ओरडलं, मी उजवीकडे वळून पाहिलं, आणि अचानक पायाखालची जमीन धप्प झाली. पाहतो तर डाव्या बाजूला दीड हातावर भाला रुतलेला. थरथरत होता, सतारीची तार छेडल्यासारखा. एकवीस वर्षं भाले मोजतोय, पण भाला इतका जिवंत कधी पाहिला नव्हता. अचानक कोणी आकाशातून माझ्यासाठीच पाठवल्यासारखा.

हे वर्ष सगळं असंच अचानक होत गेलं बघ. वय झालं की माणसाला कशाचं नवल वाटत नाही म्हणतात. माझं उलट झालंय.

वर्षअखेरची स्पर्धा अठ्ठावीसला आहे. भाल्याच्या मैदानात नेहमीप्रमाणे मीच.

तुझा
मामा


१३ डिसेंबर

प्रिय मामा,

परवा तुझं पत्र आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात होती, ती सवय आता सुटत नाही. ‘अचानक’खाली रेघ मारत गेले. सात झाल्या. आधी वाटलं, मामाची लिहिण्याची लकब बदलली. मग डबा काढला.

माझ्याकडे तुझ्या नऊ याद्या आहेत. गेल्या वर्षीच्या यादीत हा शब्द एकदाही नाही. तू लिहिलं होतंस, “तो डावीकडून निघाला, तेव्हाच मला कळलं की हा शेवटी आत शिरणार.” त्याच्या आदल्या वर्षी: “ती वळायच्या आधी तिचा खांदा वळला.” तू नेहमी आधीच पाहायचास. यंदा कोणीही कुठून येताना तुला दिसलेलं नाही. सगळे येऊन पोचल्यावरच दिसतायत. आणि सगळे बाजूने आलेत.

मी तुला काल फोन केला होता तो याचसाठी. मी विचारलं, “मामा, डोळे कसे आहेत?” तू म्हणालास, “दोन आहेत, मोजून घेतले.” आणि हसून मामीकडे फोन दिलास. फोनवर तू मला कायम असाच गुंडाळतोस, म्हणून लिहिते आहे. मामीला मी यादीतलं काही सांगितलं नाही. घरात सगळं ठीक ना, एवढंच विचारलं. ती म्हणाली, “या वर्षात चार कप फोडले, आणि म्हणतात तूच वाटेत ठेवतेस.” मी कुठल्या हाताला ठेवतेस असं विचारलं. ती म्हणाली, “डाव्या.”

दीड वर्षापूर्वी डोळ्यांत घालायच्या थेंबांचा कागद माझ्याकडे तपासायला आला होता. काचबिंदूवरचं औषध. त्यातलं एक वाक्य मी अजून विसरले नाही, कारण पहिल्या प्रतीत ते अर्धंच छापलं होतं आणि उरलेलं मी मूळ कागदावरून घातलं होतं: ‘बाजूची नजर हळूहळू जाते, समोरचे स्पष्ट दिसत राहिल्याने रुग्णास ते जाणवत नाही.’

मी डॉक्टर नाही. माझं चुकत असेल. चुकत असावं असं मला फार वाटतंय. पण एक कर. खुर्चीत बस, समोरच्या घड्याळाकडे बघ, मान हलवू नकोस. मामीला डाव्या बाजूने हळूहळू पुढे यायला सांग. ती कधी दिसते ते मला लिही. मग उजवीकडून.

आणि तुझा पहिला क्षण. मामा, तो तुला आवडला, आणि मला तो वाचून छापखान्याच्या मोरीत जाऊन बसावं लागलं. दीड हात म्हणजे किती हे तूच मला शिकवलंस, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेवर. आईच्या सारख्या बदल्या व्हायच्या आणि मी अधूनमधून तुझ्याकडे असायची, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, त्या टेबलाशीच शिकले. मला ती कड अजून दिसते. ती काही लांब नव्हती.

अठ्ठावीसला मैदानात उभा राहू नकोस. त्याआधी डॉक्टरकडे जा. पाया पडते.

तुझी
फूटपट्टी


१७ डिसेंबर

फूटपट्टी,

पत्र पोचलं. तुला मी मोजायला शिकवलं ती माझीच चूक.

परवाच चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. तिथल्या मुलाने फळा दाखवला. शेवटची ओळ वाचली, शेवटची! त्याच्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. तो म्हणाला, “काका, तुमच्या वयाच्या माणसाचे असे डोळे मी पाहिले नाहीत.” पुरे?

घड्याळ-बिड्याळ मी केलेलं नाही आणि करणार नाही. मामी आधीच मला म्हातारा म्हणते, तिला मी चोरपावलांनी माझ्या बाजूने यायला सांगितलं तर ती तुझ्या डॉक्टरऐवजी वेड्यांच्या डॉक्टरचं नाव काढेल.

मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. निवृत्त झालो त्या दिवशी दुर्बीण आणि साखळी कचेरीत जमा केली, आणि घरी येताना काय करायचं आता, म्हणून मैदानाच्या कट्ट्यावर बसलो होतो. भाला पडला तिथे पंच नव्हता. मी उठून खुंटी रोवली. तेव्हापासून रोवतो आहे. ते तू एका शब्दाच्या मोजणीवरून काढून घेणार?

आणि नियम विसरू नकोस. यादीतलं बाहेर जात नाही. गेलं, तर यादी संपली. हे मी चेष्टेने म्हणत नाही.

मामा


२१ डिसेंबर

प्रिय मामा,

मी नियम मोडला आहे.

तू शेवटची ओळ वाचलीस हे मी खरं मानते. पण फळा नाकासमोर असतो मामा. त्या कागदात हेच तर लिहिलं होतं.

तीन दिवस मी ठरवत होते. जेवताना ठरवायची की नको, तू कधी खोटं बोलत नाहीस. कामावर गेले की एकेक टिंब तपासताना वाटायचं, हे टिंब एक घर सरकलं तर कोणाच्या तरी पोरीला दहापट औषध जाईल. आणि ते माझ्या नजरेला पडूनही मी गप्प राहिले, तर छापणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बाइंडिंगच्या ताईंना मी कोणाचं म्हणून न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, “ज्याचं आहे त्याला सांगितलंस का?” मी म्हटलं, सांगितलं. “मग आता लपवून करू नकोस, एवढंच.”

म्हणून लपवत नाही. आज मी तुमच्या क्रीडांगणाच्या चिटणिसांना पत्र पाठवलं आहे. मैदानाच्या कचेरीत चार वेळा फोन केला, कोणी उचलत नाही. पत्राची नक्कल ही:

‘आदरणीय चिटणीस साहेब, भाल्याच्या मैदानावर पंच म्हणून उभे राहणारे माझे मामा आहेत. त्यांना बाजूचं दिसत नसावं अशी मला भीती आहे. त्यांची डॉक्टरी तपासणी झालेली नाही. एप्रिलमध्ये भाला त्यांच्यापासून दीड हातावर पडला. तपासणी होईपर्यंत कृपया त्यांना मैदानात उभं करू नये. त्यांच्याइतकं खरं मोजणारा माणूस मी पाहिलेला नाही, म्हणून त्यांना जपावं ही विनंती. माझा अंदाज चुकीचा ठरला तर मी स्वतः येऊन त्यांची आणि आपली माफी मागेन.’

यात काही चुकीचं असेल तर सांग. यादी संपली असं तू म्हणालास तर मला ते मानावं लागेल. पण तू अठ्ठावीसला तिथे उभा आहेस आणि मी इथे दुसऱ्यांच्या औषधांची टिंबं तपासते आहे, हे मला जमणार नाही.

तुझी
फूटपट्टी


२९ डिसेंबर

प्रिय मामा,

काल अठ्ठावीस होती. सकाळपासून फोन करते आहे, तू उचलत नाहीस. आत्ता मामीने उचलला. म्हणाली, “आहेत, धड आहेत. जेवले. पण बोलायचं नाही म्हणतात, लिहीन म्हणतात.” मी विचारलं, मैदानात उभा होता का? ती म्हणाली, “तेही तेच लिहितील.”

धड आहेस एवढं कळल्यावर मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.

तू रागाव. पण लिही.

तुझी
फूटपट्टी


३१ डिसेंबर

प्रिय फूटपट्टी,

रागावलो आहे. तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरला असं खोटं लिहून वर्ष संपवायचं नाही.

तुझं एकवीसचं पत्र मला पंचवीसला मिळालं. म्हणजे चिटणिसांच्या नावाचं पत्र कचेरीत येऊन पडलंय हे मला माहीत होतं. पण चिटणीस लेकीकडे गावाला गेलेले, ते थेट स्पर्धेच्या दिवशी सकाळी येणार होते. सव्वीसला मी कचेरीत डोकावलो. टेबलावर गठ्ठा होता, वरून तिसरं पाकीट तुझ्या अक्षरातलं. बंद. मी हात लावला नाही. पण मनात म्हटलं, त्या गडबडीत कोण टपाल उघडतंय. सुटलो.

हे मी तुला सांगितलं नसतं तर तुला कधी कळलं नसतं. म्हणून सांगतो आहे.

अठ्ठावीसला सकाळी आम्ही सगळे पंच कचेरीत चहा घेत होतो. खेळाडूंचे क्रमांक वाटणं चाललं होतं, तुझी उंच मुलगीही आपला क्रमांक घ्यायला आलेली. चिटणीस गठ्ठा चाळायला लागले. तुझं पाकीट फोडलं, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि खिसे चाचपले. चष्मा लेकीकडे राहिला. सगळ्या खोलीत त्यांना एकच माणूस दिसला. म्हणाले, “अहो मोजणीदार, तुमचे डोळे तरणे. वाचा बघू काय म्हणतंय.”

मी कागद घेतला.

मला ते पत्र पाठ होतं. नक्कल तूच पाठवली होतीस. ‘मैदानाची व्यवस्था उत्तम, धन्यवाद’ असं मी वाचलं असतं तर खोलीत कोणाला काही कळलं नसतं. तू पाच वर्षांची असताना धड्यातलं अवघड वाक्य गाळून पुढे जायचीस, आणि मी टेबलावर बोट आपटून म्हणायचो, गाळून वाचलंस तर खोटं वाचलंस. ते बोट मला त्या खोलीत ऐकू आलं.

वाचलं. सगळं. ‘त्यांना मैदानात उभं करू नये’ इथपर्यंत आलो तेव्हा चहाचे कप वाजायचे थांबले होते. पुढचं ‘खरं मोजणारा माणूस’ मात्र मला मोठ्याने वाचता आलं नाही. तेवढं तू माफ कर. ते चिटणिसांनी नंतर दुसऱ्याकडून वाचून घेतलं.

मग ती उंच मुलगी दारातून म्हणाली, “काका, एप्रिलमध्ये मीच ओरडले होते. ‘डावीकडे सरका’ म्हणून. तुम्ही उजवीकडे पाहिलंत.”

मी म्हटलं, “तेव्हाच सांगायचं नाहीस?”

“तुम्हाला कसं सांगू?” ती म्हणाली. “म्हणून मी त्यानंतर तुमच्या अलीकडे टाकत होते.”

समजलं का तुला? एप्रिलपासून ती पोरगी भाला आखूड टाकत होती, मला लागू नये म्हणून. जूनमध्ये तिसरी आली ती माझ्यामुळे. आणि मी तिला विचारलं, हात थकला की मन थकलं. हे मी तुला माझ्या दुसऱ्या क्षणात कौतुकाने लिहून पाठवलं होतं.

चिटणीस चांगला माणूस आहे. खुंटी माझ्या हातातून त्यांनी घेतली नाही. मीच ती टेबलावर ठेवली, आणि आमचा एक तरणा पंच उचलून घेऊन गेला. मी घरी निघालो होतो. मुलीने विचारलं, “बसणार नाही का?” कुठे बसू म्हटलं. तिने फेकायच्या रेघेच्या मागे, धावपट्टीच्या अगदी सरळ रेषेत एक बाक होता तो दाखवला. “इथून सगळं नाकासमोर असतं काका.”

काल मामी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. चष्म्याच्या दुकानात नाही. त्यांनी एका गोल पेटीत तोंड घालायला लावलं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ काहीच दाबेना, मला वाटलं त्यांचं यंत्र सुरू व्हायचंय. काचबिंदूच आहे. डावीकडचं बरंच गेलंय, उजवीकडचंही थोडं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी राखायचं. थेंबांच्या खोक्यातला कागद मामी वाचायला लागली, मी म्हटलं थांब, तो आमच्या घरातल्या माणसाने तपासलाय.

नियम तू मोडलास. यादी संपली असं मी लिहिलं होतं, आणि लिहिलेलं मी बदलत नाही. तेव्हा ती जुनी यादी संपली. नवी सुरू करतो. तिसरा नियम काढून टाकलाय, मामीला दाखवायची. आणि माझ्या यंदाच्या यादीतला पहिला क्षण खोडून त्याजागी हा लिही.

पहिला: अठ्ठावीस डिसेंबर. मी बाकावर. ती माझ्यासमोरून धावत गेली, सहा पावलं तिरकी, मग मागचा पाय रोवला, खांदा आधी वळला आणि हात नंतर. भाला तिच्या हातातून सुटला तेव्हा मी तो पाहत होतो. वर चढताना पाहत होतो. वर गेल्यावर तो क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, एकवीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं, कारण मी कायम दुसऱ्या टोकाला उभा. मग नाक खाली झालं, आणि मी एप्रिलमध्ये जिथे उभा होतो त्याच्याही पलीकडे तो जाऊन रुतला.

किती मीटर हे तू विचारशील. फलकावर आकडा लागला, लोक टाळ्या वाजवत होते. पण मोजपट्टी माझ्या हातात नव्हती, आणि सांगोवांगीचं लिहायचं नाही हा नियम अजून आहे. म्हणून आकडा लिहीत नाही. भाला मात्र हातापासून जमिनीपर्यंत अख्खा पाहिला.

तुझा
मामा